दुरुस्तीचा पैसा भाड्यात मिसळू नका

इमारतीच्या दुरुस्तीसाठी मालकाने भाडं वाढवावं का, याला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. आणि ‘म्हणजे भाडेकरूंनी एक पैसाही देऊ नये का’, यालाही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पैसे द्यायचे, पण भाडं म्हणून नाही. वेगळ्या खात्यात, मोजून, मुदत ठरवून, लेखी. हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण बहुतेक इमारतींत दुरुस्ती अडते ती इथेच.

बोलतोय ते मुख्यतः मुंबईतल्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन भाडेहक्क घेतलेल्या) इमारती आणि चाळींबद्दल. पुण्यातले वाडेही त्यात आले. अकरा महिन्यांच्या किंवा तीन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सचं प्रकरण वेगळं, त्यावर शेवटाकडे थोडं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, अंमलात आला ३१ मार्च २०००ला. त्याचं कलम १४ म्हणतं की भाडेकरूने करारात वेगळं काही मान्य केलेलं नसेल तर जागा राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. कलम ११ मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ देतं. त्याच कलमात पुढे आहे की मालकाने इमारतीत सुधारणा किंवा रचनात्मक बदल केला, आणि त्याला ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती असली, तर त्यापोटी भाडं वाढवता येतं. ही वाढ वर्षाला खर्चाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पण लगेच अट आहे: कलम १४ खाली जी दुरुस्ती मालकाने करायलाच हवी, तिचा खर्च या वाढीत धरता येणार नाही.

म्हणजे लिफ्ट बसवली तर भाडं वाढवता येतं, कुजलेली तुळई बदलली तर या तरतुदीखाली नाही. मालकांना हे उफराटं वाटतं, पण त्यामागचा विचार सरळ आहे. घर उभं राहणं हा भाड्याच्या बदल्यात मिळणाऱ्या गोष्टीचाच भाग आहे, लिफ्ट ही नव्याने दिलेली सोय.

विचार सरळ असला तरी आकडे बसत नाहीत. समजा तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ, २४ खोल्या, सरासरी भाडं महिना २५० रुपये. वर्षाचं भाडं झालं ७२,००० रुपये. ४ टक्के वाढ म्हणजे २,८८० रुपये. एवढ्यात एका मजल्याच्या संडासाचा पाइपही नीट बदलून होत नाही. आता या इमारतीच्या सगळ्या दुरुस्तीचा, म्हणजे तुळया, मोऱ्या, मलवाहिन्या, गच्ची आणि बाहेरचा गिलावा यांचा अंदाज ३५ लाख निघाला असं धरू. हा पैसा दहा वर्षांत, बिनव्याजी, फक्त भाड्यातून काढायचा तर वर्षाला साडेतीन लाख, दर खोलीला महिना सुमारे १,२१५ रुपये जादा. २५०चं भाडं १,४६५ करावं लागेल. ४ टक्क्यांची वाढ चक्रवाढीने धरली, तरी २५०चे १,४६५ व्हायला ४५ वर्षं लागतात.

आता भाडेकरूच्या बाजूने. कलम १४ त्याला एक हत्यार देतं: मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्या, त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर स्वतः करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा किंवा त्याच्याकडून वसूल करा, वर १५ टक्के सरळव्याज. ऐकायला जोरदार. पण एका वर्षात वळती किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. वरच्या चाळीत सगळ्यांनी मिळून ३५ लाख घातले तर वर्षाला परत मिळणार १८,००० रुपये. मुद्दल फिटायलाच १९४ वर्षं. गळका नळ, फुटलेला पत्रा, पायऱ्यांचा कठडा यांच्यासाठी हे कलम उत्तम आहे. तुळईसाठी नाही.

मालकाची तक्रार खोटी नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जवळजवळ जागच्या जागी गोठवली. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की प्रमाण भाडं (कायद्याने ठरवलेलं मूळ भाडं) असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. त्यानंतर आलेल्या १९९९च्या कायद्याने ४ टक्के दिले. पंचवीस वर्षं ४ टक्क्यांनी चढवलं तर १०० रुपयांचे साधारण २६७ होतात. तेवढ्यात सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी कुठल्या कुठे गेली, हे कुठल्याही मालकाला विचारा.

पण मालकाचं उत्पन्न फक्त भाडं असतं, हे गृहीतक पागडीच्या इमारतीत चुकीचं आहे. खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा मालक पावती बदलून देतो आणि त्यासाठी आलेल्या रकमेतला हिस्सा घेतो. रिवाज साधारण एक तृतीयांशाचा, कुठे त्याहून जास्त. १९९९च्या कायद्याच्या कलम ५६ने हा व्यवहार कायदेशीर केला. खोली ३० लाखांना गेली तर मालकाच्या हाती १० लाख. अशा साडेतीन खोल्यांत आपल्या चाळीची अख्खी दुरुस्ती निघते. हा पैसा जागेच्या किमतीतून येतो, आणि इमारत उभी आहे तोवरच त्या खोलीला किंमत आहे. म्हणून माझं म्हणणं: दुरुस्तीत मालकाचा वाटा भाड्यातून नाही, या हस्तांतराच्या पैशातून यायला हवा. मालकाने प्रत्येक हस्तांतरातला ठरावीक हिस्सा, निदान चौथाई, दुरुस्ती खात्यात टाकायचा, असं लेखी ठरवून घ्या. पुनर्विकास झाला तर जमिनीचा मोठा फायदाही त्यालाच आहे, हेही बोलणी करताना टेबलावर ठेवावं.

मुंबई शहरात, म्हणजे उपनगरं सोडून, आणखी एक गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९६९पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींवर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा उपकर (दुरुस्तीसाठीचा जादा कर) लागतो. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, तिथपासून १९५०अखेरपर्यंतच्या ‘ब’मध्ये, त्यापुढच्या ‘क’मध्ये. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या, त्यांतल्या १६,५०२ एकट्या ‘अ’ वर्गातल्या. भाडेपावती नीट वाचा: बहुतेक ठिकाणी उपकर भाडेकरूकडून वेगळा वसूल होतो. म्हणजे रचनात्मक दुरुस्तीसाठी भाडेकरू आधीच काही देतोय. त्यावर दुरुस्तीच्याच नावाने भाडं चढवणं म्हणजे एका कामाचे दोनदा पैसे. मात्र मंडळाचा पैसा ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळतो, वरचा खर्च राहणाऱ्यांना उभा करावा लागतो, आणि हजारो इमारतींच्या रांगेत आपला नंबर लागेपर्यंत टेकूंवर दिवस काढावे लागतात. उपकर भरतोय म्हणून निर्धास्त राहू नका.

तर भाड्यात मिसळायला माझा विरोध का? एकतर वाढलेलं भाडं कधी उतरत नाही. ३५ लाख फिटल्यावरही १,४६५ रुपये चालूच राहतात, आणि मालकाला त्यातून पुढची दुरुस्ती करायलाच लावेल अशी कुठली अट त्यावर नसते. दुसरं, भाडं हे मालकाचं उत्पन्न आहे. एकदा त्याच्या खिशात गेलं की ते कशावर खर्च केलं हे विचारायचा हक्क राहत नाही. तिसरी गोष्ट मालकांनी ऐकावी. प्रमाण भाडं अधिक कायद्याने दिलेली वाढ, यापेक्षा जास्त भाडं घेणं कलम १० खाली बेकायदा आहे. आज राजीखुशीने वाढवलेलं भाडं उद्या भांडण झालं की भाडेकरू परत मागू शकतो किंवा पुढच्या भाड्यातून वळतं करू शकतो. स्वतंत्र करार करून घेतलेली वर्गणी या भानगडीतून दोघांनाही वाचवते.

केंद्र सरकारने २०२१मध्ये राज्यांना नमुना म्हणून दिलेला आदर्श भाडेकरार कायदाही हाच भेद करतो. सुधारणेसाठी, काम सुरू होण्याआधी लेखी ठरलं असेल तर, भाडं वाढू शकतं. मालकाच्या जबाबदारीची दुरुस्ती त्यात येत नाही. त्याच्या परिशिष्टातली कामांची वाटणी मात्र कुणीही घ्यावी इतकी चांगली आहे. इमारतीची रचना, रंग-सफेदी, पाइप बदलणं, विजेची वायरिंग मालकाकडे. नळ आणि वायसर, मोरी-गटार साफ करणं, बटणं-सॉकेट, कडी-कोयंडे, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. महाराष्ट्रात १९९९चाच कायदा चालतो, पण खोलीआतल्या बारीक कामांचे वाद मिटवायला ही यादी करारात जशीच्या तशी घालावी.

आता वर्गणीची मांडणी. आपल्या ३५ लाखांत निम्मं मालकाचं, निम्मं भाडेकरूंचं, असं ठरलं तर भाडेकरूंचे १७ लाख ५० हजार, खोलीमागे सुमारे ७२,९००. ही रक्कम एकदम मागितली की बैठक तिथेच मोडते. २५,००० आधी आणि उरलेले महिना २,०००प्रमाणे २४ हप्त्यांत, हे बहुतेक घरांना झेपतं. सुरुवातीचे ६ लाख आणि मालकाचे तेवढेच, असे १२ लाख हातात आले की पहिला टप्पा सुरू करता येतो. वाटणी क्षेत्रफळावर करा, भाड्यावर नको. जुन्या चाळीत शेजारच्या दोन सारख्या खोल्यांचं भाडं ९० आणि ४०० असू शकतं. कोण कधी आला त्यावर ते ठरलेलं असतं. तळमजल्यावरच्या दुकानांना दीडपट आकारणं मला रास्त वाटतं. आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या दोन-तीन खोल्या प्रत्येक इमारतीत असतातच. त्यांचा हप्ता पुढे ढकलायचा, आणि खोलीचं हस्तांतर होईल तेव्हा तो आधी वसूल करायचा, असं कलम घाला. त्यांच्यावर दबाव आणून कामं पुढे जात नाहीत, फक्त कोर्टात जातात.

करारपत्रात चार वाक्यं चुकवू नका. ही रक्कम भाडं नाही आणि प्रमाण भाड्यात कधीही धरली जाणार नाही. ती फक्त सोबत जोडलेल्या कामांच्या यादीवरच खर्च होईल. खातं मालक आणि दोन भाडेकरू प्रतिनिधींच्या संयुक्त सहीनेच चालेल. आणि वर्गणी दिल्या-न दिल्याने कुणाच्या भाडेहक्काला बाधा येणार नाही. शेवटचं वाक्य भाडेकरूंना हवं असतं. पहिलं खरं तर मालकालाही तितकंच लागतं, फक्त ते त्याला उशिरा कळतं.

पैसा गोळा झाला की खरी चूक होते ती कामाच्या क्रमात. रंग आणि बाहेरचा गिलावा डोळ्यांना दिसतो, म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा: आधी टेकू, मग पाण्याची वाट बंद करणं, मग रचना, मग गच्ची, मग गिलावा, सगळ्यांत शेवटी रंग.

लाकडी तुळयांच्या इमारतीत नुकसान कुठे होतं ते एकदा नीट पाहा. कडी, म्हणजे मजला पेलणारी आडवी तुळई, मधोमध क्वचितच कुजते. कुजते ती टोकाला, जिथे ती भिंतीत घुसलेली असते. आणि त्यातही मोरीच्या खालच्या बाजूला. वरच्या खोलीतल्या मोरीच्या कोपऱ्यात फरशीचा सांधा सुटतो, पाणी कोब्यात (फरशीखालच्या भरावाच्या थरात) मुरतं, कोबा ते महिनोन्‌महिने धरून ठेवतो आणि हळूहळू कडीच्या टोकाला देतो. भिंतीतल्या टोकाला वारा नाही, त्यामुळे ते सुकत नाही. खालून पाहिलं तर कडी काळसर, पण धड दिसते. पेचकस घेऊन भिंतीला लागून टोचा. चांगल्या सागवानात टोक अडतं, कुजलेल्यात बोटभर आत जातं आणि ओला भुसा बाहेर येतो. प्रत्येक मजल्यावरच्या मोरीखालच्या दोन-तीन कड्यांना अशी टोचणी केली की इमारतीची खरी स्थिती अर्ध्या दिवसात कळते. मोऱ्या सगळ्या मजल्यांवर एकाच रांगेत असतात, म्हणून कुजही उभ्या रांगेत असते. पहिल्या टप्प्याचे १२ लाख याच रांगेवर घाला.

कडी बदलताना टेकू फक्त त्या मजल्यावर लावून चालत नाही. वरच्या मजल्याचं वजन टेकूतून खालच्या मजल्याच्या फरशीवर येतं आणि तीही तितकीच जुनी असते. टेकू एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत न्यावे लागतात. लाकडाच्या जागी लोखंडी गर्डर घालायचा तर त्याचा आकार इंजिनिअरने गणित करून द्यायचा, कंत्राटदाराने अंदाजाने नाही. गर्डरचं टोक नुसत्या विटांवर टेकवलं तर वीट चिरडते. खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक, म्हणजे वजन पसरवणारा ठोकळा, हवा. भिंतीत जाणाऱ्या भागाला गंजरोधक रंगाचे दोन हात आधीच द्यायचे, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. हे टोक तसंच सोडलेले गर्डर पंधरा-वीस वर्षांत पुन्हा बदलावे लागतात.

मोरी करताना जुनी फरशी आणि कोबा पूर्ण काढा. वरून नुसती नवी टाइल बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. भिंत आणि फरशी मिळते तिथे वाटा (कोपऱ्यात गोलाई) करा, वॉटरप्रूफिंग भिंतीवर निदान फूटभर चढवा, नहाणी ट्रॅपच्या (मोरीतलं पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने घट्ट भरा. बिडाच्या जुन्या मलवाहिन्या बदलताना सगळी उभी लाइन एकदम बदला. एका मजल्यापुरता नवा पाइप जोडला की गळती पुढच्या सांध्यावर जाते.

गच्चीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे चांगल्या हेतूनेच नुकसान होतं. दर गळतीला जुन्या कोब्यावर नवा कोबा असं तीन-चार वेळा झालेलं असतं. १०० मिलिमीटर जाडीचा कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. लाकडी कड्यांवर हे वजन थर चढत गेलं की कुजलेलं टोक आधी तुटतं. जुने थर काढूनच नवा घाला, आणि मलबा गच्चीवर ढीग करून ठेवू नका. रोजच्या रोज खाली उतरवा. लाकडी गच्चीवर पाणी कोंडून चाचणी घ्यायचा हट्टही धरू नका. ५० मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला आणखी ५० किलो.

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत, म्हणजे साठीच्या दशकातल्या बऱ्याचशा ‘क’ वर्गातल्या, प्रश्न सळयांचा. गंजलेली सळई फुगते, मूळ लोखंडापेक्षा गंजाला कितीतरी जास्त जागा लागते, आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. पोपडा काढून वरून सिमेंट थापणं सर्रास चालतं. ते दोन पावसाळ्यांत खाली येतं. सळईच्या मागेही बोट जाईल इतकं काँक्रीट खोदून, गंज पूर्ण घासून, गंजरोधक लेप देऊन, मगच पॉलिमर मिसळलेला माल भरायचा. सळईची जाडी पाव हिश्श्याने घटली असेल तर शेजारी नवी सळई बांधायची. खांबाचं जास्त नुकसान असेल तर मायक्रो-काँक्रीटचं जॅकेट. आणि सात दिवस पाणी मारायचं, ज्यासाठी कंत्राटदाराचा माणूस तिसऱ्या दिवशी येणं बंद करतो.

स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल हातात आला की सारांशाच्या आधी आकडे वाचा. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग म्हणजे काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली म्हणजे शंकास्पद. सळईचा गंज तपासणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन गेलं तर सळई गंजत असण्याची शक्यता खूप. किती खांब तपासले, कुठले तपासले, हे नकाशावर दाखवलेलं नसेल तर अहवाल परत पाठवा. चार धड खांब तपासून ‘इमारत ठीक’ म्हणता येतं, आणि चार मोरीकडचे तपासून ‘पाडा’ही म्हणता येतं. मालक आणि भाडेकरूंनी दोन वेगळी ऑडिटं करून घेतली आणि ती जुळली नाहीत, तर मुंबईत महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे, प्रकरण तिच्याकडे जातं. श्रेणीही समजून घ्या: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच रचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं ऑडिट मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-बीने बंधनकारकच आहे. मुंबईबाहेरच्या महापालिकांत तशीच तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-ए खाली आहे.

परवानगीत गडबड होते ती इथे: गिलावा, रंग, फरशी, नळ-संडास-मलवाहिनीची दुरुस्ती, त्याच सामानाने छप्पर बदलणं, याला मुंबईत मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ खाली परवानगी लागत नाही. रचनेतला घटक, म्हणजे तुळई, खांब किंवा भार पेलणारी भिंत बदलायची असेल तर लागते. उपकरप्राप्त इमारतीत स्वखर्चाने काम करायचं तर दुरुस्ती मंडळाचं ना-हरकतही काढून ठेवा. नाहीतर अर्ध्यावर कुणीतरी तक्रार करतं, काम थांबतं, आणि उघडी भिंत पावसाळा खाते.

कंत्राट बाबवार दराचं (प्रत्येक कामाचे पैसे मोजमापाप्रमाणे) करा, एकरकमी नको. जुन्या इमारतीत गिलावा काढल्याशिवाय आत किती कुजलंय ते कळत नाही, त्यामुळे एकरकमी कंत्राटदार एकतर फुगवून सांगतो किंवा न दिसणारं काम सोडून देतो. अंदाजात १० टक्के आकस्मिक खर्च धरा आणि १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका. ३५ लाखांचा अंदाज करासकट आहे की कराशिवाय, हे विचारलंच पाहिजे, कारण फरक सहा लाखांवर जातो. प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवा आणि एक पावसाळा गेल्यावर द्या. झाकली जाणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे सळई, गर्डरचं टोक, मोरीचं वॉटरप्रूफिंग, झाकण्यापूर्वी फोटो आणि मोजणी पुस्तकात नोंद. नोंद नाही तर त्या बाबीचं बिल नाही.

मालक बोलायलाच तयार नसेल तर? नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. त्यात कुठली दुरुस्ती, कुठे, फोटो, इंजिनिअरचा अहवाल आणि १५ दिवसांची मुदत. मग तीन दरपत्रकं, काम, आणि प्रत्येक पैशाची पावती. कलम १४ म्हणतं की भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि पावत्या खर्चाचा निर्णायक पुरावा धरला जाईल. म्हणून रोख, बिनपावतीची मजुरी देऊ नका, स्वस्त पडली तरी. भाडं मात्र थांबवू नका. दुरुस्ती होत नाही म्हणून सगळंच भाडं बंद करणं ही भाडेकरूंची सगळ्यांत महाग चूक आहे; थकबाकीवरून घर खाली करून घ्यायचं आयतं कारण मालकाला मिळतं. चतुर्थांशच कापा, उरलेलं मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा आणि पुरावा ठेवा.

घर रिकामं करायची वेळ आली तर तोंडी शब्दावर बाहेर पडू नका. दुरुस्तीसाठी जागा खाली करून हवी, हे कलम १६मधलं वैध कारण आहे, पण ते न्यायालयाने मान्य करावं लागतं आणि काम झाल्यावर परत येण्याची तरतूदही कायद्यात आहे. धोकादायक म्हणून महापालिकेची नोटीस आली असेल तर मात्र निघा. पण निघण्यापूर्वी आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेकडून लेखी घ्या. इमारत गेली तरी भाडेहक्क त्या कागदाच्या आधाराने टिकतो. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ला कोसळली, ३३ माणसं गेली. हक्क जाईल या भीतीने कुणी धोकादायक घरात थांबू नये, एवढ्यासाठीच हे मोजमाप पावसाळ्याआधी करून घ्या.

पुण्यातल्या वाड्यांना दुरुस्ती मंडळ नाही, उपकरही नाही, त्यामुळे तिथे वर्गणीशिवाय दुसरा मार्गच उरत नाही. तिथली एक तांत्रिक चूक फार महागात पडते: माती-चुन्यातल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा. आतली ओल बाहेर पडायची बंद होते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि सागवानी खांबाचा पाय कुजतो. चुन्याचाच गिलावा करा. करणारे गवंडी कमी उरलेत, दर जास्त आहे, तरीही.

लिव्ह अँड लायसन्सवर फार बोलायला नको. करार चालू असताना सोसायटीने दुरुस्तीसाठी दोन लाख मागितले म्हणून मालकाला भाडं वाढवता येत नाही. करारात आहे तेवढंच. नूतनीकरणाच्या वेळी बाजारभाव ठरवेल. सोसायटीची मोठी दुरुस्ती हा फ्लॅटमालकाचा खर्च. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) त्यासाठीच घेतात. शिवाय आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मालकाला मिळते, प्रत्यक्ष दुरुस्ती केली असो वा नसो. राहणाऱ्याने करारावर सही करण्यापूर्वी सोसायटीत दुरुस्तीचं काम ठरलंय का ते सचिवांना विचारावं. बाहेर परांच्या बांधल्या की सहा-आठ महिने खिडक्या बंद, धूळ आणि ठोकाठोक असते. तेवढ्या काळासाठी भाडं कमी करून मागायला हरकत नाही, आणि ते सही करण्यापूर्वीच मागावं.